गुमरीला नाव नाही म्हणे

रत्नमाला ठवकरांना राग येत नाही, अशी भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या त्यांच्या गल्लीत ख्याती होती. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली बाई. पोरांनी गंगा नेऊन अरबी समुद्रात ओतली तरी त्या पट्टी उचलत नसत. "बेटा, बिचारी को इतनी दूर काहे घसीटा?" एवढंच विचारत आणि लाल पेनानं हळूच दुरुस्ती करत. त्यामुळे त्या एप्रिलच्या सकाळी ठवकरांच्या घरातून ताटली आपटल्याचा आवाज आला, तेव्हा शेजारच्या वंदनाला वाटलं, मांजर शिरलं असेल.

मांजर नव्हतं. रत्नमालाबाईंनीच गरम पोह्यांची ताटली टेबलावर आपटली होती, आणि अर्धे पोहे नकाशावर सांडले होते.

नकाशा त्यांच्या यजमानांचा होता. ओमप्रकाश ठवकर खाणींच्या कामावरचे भूवैज्ञानिक म्हणून रिटायर झाले होते. हयातभर डोंगर तुडवलेला माणूस, रिटायर झाल्यावर घरात मावेना. सकाळी तीनदा पेपर वाचायचा, दुपारी भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. अशात अभिनव आला. नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीवर असताना शेजारी राहणाऱ्या बोरकरांचा हा मुलगा, रत्नमालाबाईंच्या हाताखाली शिकलेला. आता त्याची स्वतःची सल्लागार कंपनी होती, कुम्हारीच्या अलीकडे हायवेला काचेचं ऑफिस होतं. खाजगी खाण कंपन्यांना सरकारी मंजुरी लागते, त्यासाठी पर्यावरणाचा अहवाल लागतो, तो तयार करून देण्याचं त्याचं काम. "काका, पळापळ आमची, फक्त नजर तुमची आणि सही तुमची," असं म्हणून त्यानं ओमप्रकाशना विशेषज्ञ करून टाकलं. रत्नमालाबाईंनाही बरं वाटलं होतं. माणूस पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालू लागला होता.

तर त्या सकाळी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर चष्म्याचं घर. पोहे ठेवायला जागा करावी म्हणून बाईंनी कागद थोडा सरकवला आणि त्यांचा हात थांबला. उंचीच्या रेषा वाचायची त्यांना सवय. उलट्या होडीसारखा लांबट डोंगर, आणि त्याला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून गेलेली निळी रेघ. अक्षरं वाचायच्या आधीच त्यांनी ते वळण ओळखलं. मग अक्षरं वाचली. वळणाच्या आतल्या अंगाला इंग्रजीत छापलं होतं: अनाम हंगामी नाला.

"हे आपली गुमरी होय ना जी?" त्यांनी विचारलं.

"हां. तोच भाग आहे," ओमप्रकाश चहाच्या कपात पाहत म्हणाले.

"मंग याच्यात नाला कावून लिवला?"

"जुन्या सरकारी नकाशात तिचं नावच नाही. त्या काळच्या सर्वेवाल्यानं नुसती रेघ मारली. नाव नाही म्हणून अनाम. त्यात काय चुकलं?"

"आन् हंगामी?"

"म्हणजे, उन्हाळ्यात पाणी कमी होते."

"वैशाखात तुमी पोहत होते तिच्यात. मी टॉवेल घेऊन काठावर उभी राहो."

"ते जुनी गोष्ट झाली, रत्ना."

जुनी खरीच. छत्तीसगड राज्य व्हायच्या आधीची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि ओमप्रकाशांची नेमणूक दक्षिणेकडच्या डोंगरात, खनिज शोधायच्या कॅम्पवर झाली. पत्र्याची खोली, कंदील, आणि चहूकडे साल-सागाचं रान. भंडाऱ्याहून आलेली बावीस वर्षांची रत्नमाला पहिले पंधरा दिवस नुसती रडली. मग पाणी भरायला येणारी तारा भेटली. तिच्याच वयाची, तिच्याइतकीच नवी नवरी. ताराच्या हलबी बोलीत मराठीसारखे पुष्कळ शब्द. दोघींचं लवकर जमलं. तारानंच तिला नदीवर नेलं. डोंगराच्या वळणावर पाणी एका कातळाच्या पोटात शिरायचं आणि आतून घुमत बाहेर यायचं. म्हणून ती गुमरी. जेठात भोवतालचे सगळे ओढे आटले, कॅम्पची विहीर गाळावर आली, पण गुमरीचं घुमणं थांबलं नाही. त्या उन्हाळ्यात अख्खा कॅम्प त्या पाण्यावर जगला. साहेबसुद्धा.

आणि आता तेच साहेब चहा चमच्यानं ढवळत होते.

"नदी लिवली असती तर काय झालं असतं?" बाईंनी विचारलं.

ओमप्रकाशांनी समजावून सांगितलं. खाण खोदताना वरची माती-दगड काढून कुठंतरी ढीग घालावे लागतात. नदी लिहिली तर ढीग तिच्यापासून लांब, डोंगराच्या पलीकडे न्यावे लागतात, काम लांबतं. हंगामी नाला असला तर त्याला बाजूनं चर खोदून वळवता येतं. मग त्याच्या जागेवर ढीग घालता येतात. "शब्दाचा तर फरक आहे," ते शेवटी म्हणाले.

"शब्दाचाच फरक आहे, तर मंग नदी लिवा."

स्वतःच्याच शब्दात सापडलेला माणूस जे करतो तेच ओमप्रकाशांनी केलं. "हे पाहा, तू मास्तरीण होय. नद्या पाठ करून घेणं तुझं काम. हे टेक्निकल आहे, तुले नाही समजणार."

तेव्हा ताटली आपटली.

संध्याकाळी अभिनव आला. काकांनी फोन केला असणार. हातात फळांची पिशवी, तोंडावर हसू. सोफ्यावर बसून तो म्हणाला, "काकू, आम्ही ऐसेही नाही लिहिलं. टीम पाठवली होती. वरच्या गावात लोक तिला दाई म्हणतात, म्हणजे आई. मधल्या गावात गुमरी. खाली सपाटीवर पथरेल. तीन गावं, तीन नावं. म्हणजे सर्वमान्य असं एक नाव नाही. रिपोर्टमध्ये अनाम लिहावं लागतं."

"तुझं मूळ गाव कोणतं?"

"भंडारा. तुम्हाला माहीत आहे ना."

"कोणती नदी?"

"वैनगंगा."

"पुढं वर्धा तिले मिळाली का तिचं काय नाव होते?"

अभिनव क्षणभर वर्गातल्यासारखा ताठ बसला. "प्राणहिता."

"मंग तेही अनामच का रे? भंडाऱ्यात एक नाव, चामोर्शीच्या पुढं दुसरं. उद्या वैनगंगेवर ढीग घालशील?"

तो हसला. "काकू, तुम्ही अजून क्लास घेऊन राहिल्या." आणि त्यानं काकांकडे पाहिलं, आणि काकाही हसले.

ताटली आपटली तेव्हाचा राग भडक्यासारखा होता, आला आणि गेला. हे हसणं मात्र आत जाऊन बसलं. दोन पुरुष एकमेकांकडे बघून हसतात आणि मधली बाई म्हणजे खोलीतलं कपाट असते, हे हसणं त्यांनी स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, बँकेत पुष्कळ पाहिलं होतं आणि पुष्कळदा गिळलं होतं. या वेळी ते गिळलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. "मी गुमरीवर चालली," त्या म्हणाल्या.

"वेड लागलं का? ऊन पाहा बाहेर. वय पाहा."

"वय दोघांचंही झालं. एकाचीच लाज गेली."

ओमप्रकाश पुढं काही बोलायच्या आत फाटक वाजलं होतं. पावर हाउस स्टेशनवरून त्यांनी दल्लीकडे जाणारी गाडी धरली. दल्लीराजहऱ्याच्या लाल मातीच्या पुढं आता रूळ गेले आहेत, पूर्वी तिथं ट्रकशिवाय काही जात नसे. रूळ संपले तिथं बस मिळाली, बस थांबली तिथं जीप. जीपमध्ये बकऱ्या, सिमेंटची पोती आणि रत्नमालाबाई. सगळ्या वाटेवर त्या मनातल्या मनात एकच हिशेब करत होत्या: समजा खरंच आटली असेल तर? एवढ्या वर्षांत रानं तुटली, पाऊस बदलला. समजा नवरा खरं बोलत असेल, तर परत जाऊन माफी मागू. अगदी मनापासून मागू. त्यांना ते हवंसुद्धा होतं.

ऊन कलताना त्या डोंगराच्या वळणावर पोचल्या. जीपवाल्यानं इंजिन बंद केलं आणि त्यांना आवाज आला. घुमणारा, जाड, कातळाच्या पोटातून येणारा. त्या चपला हातात घेऊन पाण्यात उतरल्या. पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं, थंड, वाहतं. मधल्या डोहात म्हशी गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या.

"हंगामी," रत्नमालाबाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि एका म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

तारा घरीच होती. केस पांढरे झालेले, पुढचे दोन दात पडलेले, पण चाल तीच झपझप. तिनं आधी ओळखलं नाही, मग ओळखलं, मग गालांना हात लावून पाहिलं. पाणी दिलं, चटई टाकली, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"आता आलीस होय? थंडीत साहेब आले तेव्हा त्यांच्यासोबत का नाही आलीस?"

रत्नमालाबाईंच्या हातातला लोटा तसाच राहिला. "कोण साहेब?"

"तुझेच, दुसरे कोण? चार-पाच पोरांसोबत आले होते गाडीतून. मी म्हटलं, रत्नाला का नाही आणलं. तर म्हणाले, तिचे गुडघे दुखतात, चालवत नाही तिला. म्हणून तर मी तुला आत्ता ओळखलं नाही. मला वाटलं, तू काठी घेऊन येशील."

रत्नमालाबाईंचे गुडघे आयुष्यात कधी दुखले नव्हते. थंडीत यजमान रायपूरला मीटिंग आहे म्हणून गेले होते, हे त्यांना आठवत होतं. त्यांनी डब्यात थालीपीठं बांधून दिली होती.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय. जेवले इथं. कुटकीचा भात आणि आंबाडीची भाजी. मग नदीवर गेले, पाण्यात पाय सोडून कितीतरी वेळ बसले. मला वाटलं, रडतात की काय. त्या कागदवाल्या पोरांनी मला विचारलं, ह्या नाल्याचं नाव काय. मी सांगायच्या आधी साहेबच म्हणाले, नाला नाही रे, गुमरी नदी आहे ती. मी इथं पोहायला शिकलो."

तारा हे कौतुकानं सांगत होती. साहेबांना नाव आठवलं याचं तिला अप्रूप होतं. रत्नमालाबाई ऐकता ऐकता मनात जुळवत गेल्या. नकाशात नाव नव्हतं म्हणून लिहिलं नाही, असं तो माणूस म्हणाला होता. नाव तर त्याच्या तोंडात होतं. पाण्यात पाय बुडवून त्यानं ते उच्चारलं होतं, आणि भिलाईत परत येऊन त्याच तोंडानं अनाम म्हटलं, त्याच हातानं सही केली. बायको सोबत असती तर हे जमलं नसतं. म्हणून तिला गुडघेदुखी लावून दिली.

तारानं लोटा त्यांच्या हातातून काढून घेतला. "काय झालं?"

बाईंनी सांगितलं. खाण कुठं होणार, ढीग कुठं पडणार, कागदात काय लिहिलंय. तारा हसली नाही की रडली नाही. तिनं पुतण्याला हाक मारून सरपंचाला बोलावलं. टिकाराम नावाचा चाळिशीचा सरपंच मोटरसायकलवर आला, सगळं ऐकलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"नोटीस आली होती हो मॅडम. पंचायतीच्या भिंतीवर चिकटवली आहे. जनसुनावणी आहे पुढल्या आठवड्यात. पण त्यात लिहिलंय, बेनाम मौसमी नाले के किनारे. आम्ही सगळ्यांनी वाचली. आम्हाला वाटलं, कुठल्यातरी दुसऱ्या नाल्याचं असेल. आमच्याकडे बेनाम असं काही नाहीच."

ऐकून रत्नमालाबाईंचा राग जागच्या जागी बदलला. इतका वेळ तो नवऱ्यावरचा राग होता, घरातला. आता त्यांना दिसलं की अनाम हा शब्द नुसता आळसानं पडलेला नव्हता. तो शब्द काम करत होता. माणसांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर चिकटून त्यांना सांगत होता, हे तुमचं नाही, तुम्ही झोपा.

त्या परत गेल्या नाहीत. ताराकडेच राहिल्या. टिकाराम मोटरसायकलवर वरच्या गावात गेला, खालच्या गावात गेला. दाईवाले, गुमरीवाले आणि पथरेलवाले एरवी मासेमारीवरून एकमेकांची डोकी फोडत. नोटीस आपल्याच पाण्याची आहे हे कळल्यावर तिन्ही गावांनी ट्रॅक्टर काढले.

सुनावणी तहसिलीच्या मैदानावर होती. लाल-पांढरा शामियाना, पुढं सोफे, मागं खुर्च्या, कूलर. मंचावर एक थकलेले सरकारी अधिकारी, कंपनीची दोन माणसं, अभिनव, आणि इस्त्रीच्या शर्टात ओमप्रकाश ठवकर. खुर्च्या थोड्याच लावल्या होत्या, थोडेच लोक अपेक्षित होते. ट्रॅक्टर रिकामे होऊ लागले तसा अभिनव मंचावरून उठून उभा राहिला. ओमप्रकाशांनी बायकांच्या घोळक्यात ताराच्या शेजारी बायकोची फिकट निळी साडी पाहिली आणि पुढ्यातला पाण्याचा ग्लास उगाच सरळ केला.

अभिनवनं पडद्यावर चित्रं दाखवली. बेनाम मौसमी नाला आला तसा टिकाराम उठला. "कौन सा नाला साहब? वो गुमरी है. बारों महीने बहती है."

"देखिए सर," अभिनव अधिकाऱ्यांना म्हणाला, "यही समस्या है. कोई दाई बोलता है, कोई गुमरी, कोई पथरेल. और गर्मी में पानी रहता है, यह सिर्फ गाँववालों का कहना है. हमारे विशेषज्ञ ने खुद मौका देखा है."

माईक बायकांच्या बाजूला कसा आला, कोणी दिला, ते रत्नमालाबाईंना नंतर आठवेना. त्या उभ्या होत्या. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बोलत तशा स्वच्छ हिंदीत त्या म्हणाल्या, "मेरा नाम रत्नमाला ठवकर है. भिलाई से आई हूँ. मंच पर जो विशेषज्ञ बैठे हैं, मैं उनकी पत्नी हूँ."

सोफ्यांवरची माणसं मागं वळून पाहू लागली.

"मुझे उनसे एक ही बात पूछनी है. ठवकर साहब, जाड़े में आप तारा के घर आए थे. नदी में पैर डालकर बैठे थे. इन लड़कों ने नाम पूछा, तब आपने क्या बताया था?"

ओमप्रकाशांनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं, मग अभिनवकडे. अधिकारी म्हणाले, "जवाब दीजिए, ठवकर जी."

"मुझे याद नहीं है," ओमप्रकाश म्हणाले.

त्यानंतर रत्नमालाबाईंची हिंदी सुटली. माईक हातात होता, समोर तीन गावं होती, आणि तोंडातून घरातली बोली बाहेर पडली. "याद नाही? माये गुडघे दुखतेत, हे बरं याद राह्यलं तुमाले! जे कदी दुखलेच नाही! ताराच्या घरचं जेवले ना? आंबाडीची भाजी खाल्ली ना? हिच्या पाण्यानं एक अख्खा उन्हाळा जिवंत राह्यले, आन् हिले नाव नाही म्हणता? मले सांगा, मंग मी कोन होय? मायं नाव तरी याद आहे का तेही कोन्या कंपनीले इचारून सांगनार?"

शामियान्यातल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. कोणाला काही समजायचं राहिलं नाही. ताराला तर शब्दन् शब्द कळला. ती उठली आणि मंचाकडे हात करून एवढंच म्हणाली, "साहेब, माझ्या घरी बसून खाल्लं तुम्ही." मग मागून आरडाओरडा सुरू झाला आणि पोलीस पुढं सरकले.

अधिकाऱ्यांनी टेबल वाजवून शांतता केली. ते काही मोठे शूर नव्हते. त्यांना वेळेवर जेवायला जायचं होतं. पण एवढ्या लोकांसमोर झालेलं त्यांना कागदावर न घेऊन चालणार नव्हतं. नाला की नदी, हंगामी की बारमाही, हे पावसाळ्यापूर्वी पुन्हा मोजावं आणि तोवर प्रकरण पुढं जाऊ नये, असं त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं.

घरी परतल्यावर ओमप्रकाशांनी दोन दिवस नुसते पेपर चाळले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चार लोकांसमोर अब्रू काढली तू मायी."

"अब्रू तुमी थंडीतच तिकडं सोडून आले होते. मी फक्त जागा दाखवली."

"सही करून बसलो होतो, रत्ना. अभिनव म्हणे, काका, सगळेच असं लिहितेत. रिटायर झाल्यावर कोणी विचारत नव्हतं मले. त्यानं विचारलं."

यात खोटं काही नव्हतं, हे बाईंना समजत होतं. माणूस रिकामा पडला होता, आणि ज्यानं हाक मारली त्याच्यामागं गेला. दया यावी असंच होतं ते. पण दया येईना. बाईंनी नवऱ्याचं जेवण वाढलं, पाणी ठेवलं, आणि स्वतःचं ताट घेऊन ओट्यापाशी बसल्या. पूर्ण पावसाळा तसाच गेला.

त्याआधीच, जेठात, दुसऱ्या संस्थेची माणसं येऊन गुमरी मोजून गेली. ती बारमाही निघाली, निघायचीच होती. खाण रद्द झाली नाही, पण ढिगांची जागा डोंगरापलीकडे सरकली. टिकारामनं फोनवर सांगितलं तेव्हा बाईंनी देवापुढं साखर ठेवली. नवऱ्याला सांगितलं नाही.

दसरा झाल्यावर एका रविवारी अभिनव पेढ्यांचा डबा घेऊन आला. ओमप्रकाशांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज होतं. दोघांनी मिळून टेबलावर नवा नकाशा पसरला.

"पाहा," ओमप्रकाश म्हणाले. "नदी लिवलं आता. मी सोता बसून दुरुस्त केलं."

रत्नमालाबाईंनी चष्मा लावला. तोच डोंगर, तेच वळण, रेघ आता ठळक निळी. वळणाच्या कडेनं वाकडी होत गेलेली अक्षरं होती: रत्नमाला नदी.

"सरप्राईज!" अभिनव म्हणाला. "तीन नावांतून एक निवडलं तर बाकीची दोन गावं भांडतील. म्हणून आम्ही नवीन नाव प्रस्तावित केलं. काकांची आयडिया. काकू, तुम्ही आता भूगोलातच गेल्या!"

ओमप्रकाश बायकोच्या तोंडाकडे पाहत होते. सहा महिन्यांचा अबोला आता फुटणार, अशा आशेनं.

आपलंच नाव त्या निळ्या रेघेवर पडलेलं पाहून बाईंना किळस आली, कोणाच्या अंगावरची साडी ओढून आपल्याला नेसवावी तशी. "अनाम लिवलं होतं तेव्हा तिचं नाव निदान तिच्यापाशी होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच अभिनव पेढ्याचा हात मागं घेऊन उभा राहिला. "आता ते पन काढून घेतलं. आन् चोराच्या जागी मायं नाव लिवलं. ताराले काय सांगू मी? तुमची गुमरी मी घेतली, म्हणून?"

"मी तुयासाठी केलं, रत्ना."

"थंडीत पन मायाच गुडघ्यासाठी गेले होते. पेन घ्या."

"काय?"

"पेन घ्या. खोडा."

"काकू, हा फायनल प्रिंट आहे," अभिनव म्हणाला.

"तू चूप. तुयी शाळा मंग घेते मी." त्यांनी पेनस्टँडमधून लाल पेन काढून नवऱ्याच्या हातात दिलं. ओमप्रकाशांनी पेनाचं टोपण काढलं. मग खाली वाकले आणि बायकोच्या नावावर सरळ रेघ ओढली.

"आता वरती दाई लिवा. वळणावर गुमरी. सपाटीवर पथरेल."

"तीन नावं मावनार नाही एवढ्या जागेत."

"बारीक लिवा."

त्यांनी बारीक लिहिलं. अक्षर जुन्या सवयीचं, सुबक आलं. अभिनवनं नकाशा गुंडाळला आणि दारात जाताना म्हणाला, सरकार एकच ठेवेल काकू, तुम्ही काहीही लिहा.

तसंच झालं. सरकारी नकाशात शेवटी एकटी गुमरी आली. मधल्या गावात नारळ फुटले. टिकारामनं खुशीत फोन केला आणि त्याच दुपारी पथरेलवाल्या गावातून एका म्हाताऱ्याचा फोन आला. त्यानं रत्नमालाबाईंना अर्धा तास झापलं: तुम्ही तिथं राहिल्या होत्या म्हणून तिथलंच नाव लागलं, आमचं पाणी काय पाणी नाही? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तो खरं बोलत होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रायपूरच्या ऑफिसांमध्ये खेटे घालायला सुरुवात केली. अजून घालतात. तिथले बाबू त्यांना आता नदीवाली मॅडम म्हणतात, आणि त्या आल्या की चहा प्यायला उठून जातात.

ओमप्रकाशांनी अभिनवचं काम सोडलं. पुढच्या वैशाखात बाई पुन्हा ताराकडे निघाल्या, तेव्हा पावर हाउस स्टेशनच्या फलाटावर मागून कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं त्यांना वाटलं. वळून पाहिलं तर यजमान, खांद्याला झोळी, हातात पाण्याची बाटली.

"तुमी कुठं?"

"ताराची माफी मागायची आहे."

"मागा. ऐकून घेईल का नाही, ते तिनं पाहावं. मी मधात बोलनार नाही."

"नको बोलू."

गाडी आली. रत्नमालाबाई चढल्या आणि खिडकीशी बसल्या. समोरचा बाक रिकामा होता. ओमप्रकाशांनी त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि दोन बाक सोडून पलीकडे जाऊन बसले. बाईंनी त्यांना बोलावलं नाही.